आत्याच्या पाठीवरचा हात

मंडळी, ऐका! आज एक प्रश्न घेऊन आलोय. एखाद्याला आपण वर्षानुवर्षं बोल लावले, आणि पुढे कळलं की त्याचा दोष नव्हताच, तर ते बोल मागे कसे घ्यायचे? सांगा!  पेटीवाले नाना तर सूर जुळवायला लागले! मग ऐका आख्यान.

मिरजेत एक बाई होती, हेमांगी. वय त्रेचाळीस. ब्लाउज असे शिवायची की बायका आरशापुढून हलायच्या नाहीत! पण एकाच्या बाह्या लावता लावता दुसऱ्याचे हूक घेणार, तेवढ्यात दूध आठवणार, आणि दुधाकडे जाता जाता झाडांना पाणी घालत बसणार! दूध? ते गेलं शेगडीच्या नैवेद्याला! चष्मा सापडायचा तांदळाच्या डब्यात. हसताय? हसा! आधी आपापली चप्पल कुठल्या दाराशी काढलीत ते आठवा!

तिची आई अनसूयाबाई. लेकीच्या लहानपणापासून तिचा एकच पाढा — "वेंधळी! कसं व्हायचं हिचं!"

शेवटी थकून हेमांगी डॉक्टरबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, "याला एडीएचडी म्हणतात. लक्ष एका जागी ठरत नाही, ही मेंदूची जन्मापासूनची ठेवण आहे. आळस नाही, निष्काळजीपणा नाही. मुलींमध्ये पुष्कळदा ध्यानातच येत नाही." हेमांगी आधी हसली — "म्हणजे मी वाईट नव्हते!" घरी येऊन ढसाढसा रडली. आणि मग असा राग आला म्हणता! "मग इतकी वर्षं मी बोलणी का खाल्ली?"

आई म्हणाली, "काहीतरी नवीन खूळ!" आणि मेथी निवडत बसली.

तेवढ्यात धाकट्या भावाला मुलगी झाली. बारसं! बाळाच्या कानात नाव सांगणार कोण? आत्या! म्हणजे हेमांगीच! ही म्हणते, "मी नाही येत. माझ्याकडून काहीतरी चुकणार, आणि आई चारचौघींत वेंधळी म्हणणार. आता नाही सोसवत." भावजय ऋता म्हणाली, "ताई, तुम्ही नाही तर बारसं नाही!" झालं! गेली.

हेमांगी पाळण्यावर वाकली. मागे बायका धपाटे घालायला सज्ज — त्या दिवशी आत्याच्या पाठीची धडगत नसते! "कुर्रर्र..." आणि नाव? साफ गेलं डोक्यातून!

एरवी ती पळाली असती. आज वाकल्या वाकल्याच म्हणाली, "ऋता, नाव विसरले गं! माझं डोकं असंच आहे. परत सांग."

बायका खो खो हसल्या. आईनं तोंड उघडलं, "वें—" आणि मंडळी, शब्द तिथेच गिळला! का? लेक हसत होती खरी, पण तिचे डोळे आईकडे लागले होते. आता बोलणार, आता बोलणार, म्हणून भ्यालेले. आईला ते पहिल्यांदा दिसलं.

"मैथिली," ऋता म्हणाली. "कुर्रर्र... मैथिली!" धपाधप धपाटे पडले! शेवटचा हात आईचा. तो पडलाच नाही, पाठीवरून फिरत राहिला. "चुकलं गं माझं," आई सगळ्यांसमोर म्हणाली. "पोर धडपडत होती, आणि मी बोलतच राहिले."

हेमांगीला रडू फुटलं. आणि रडता रडता दचकली, "अगं आई, मघाशी मी आत दूध ठेवलंय गॅसवर!"

उतू गेलं होतं, मंडळी! पुसायला आईच धावली, तीही हसत!

मिळालं उत्तर? चारचौघांत बोललात ना? मग चुकलं तेही चारचौघांतच म्हणायचं! आता आपल्या घराकडे वळा. कोण आहे तुमच्याकडची वेंधळी? आज दार उघडायला तिला उशीर होईल. होऊ दे! बाहेर उभ्या उभ्या एवढंच घोका — "चुकलं गं माझं." जड जातंय? मग इथेच सराव करू. म्हणा सगळे देवासमोर! नाना, तुम्ही जरा मोठ्यानं — वहिनी मागेच बसल्यात!