धम्मप्रिया उद्या बसणार

(कॅनडातलं ब्रॅम्पटन. दुपारची वेळ. घरासमोर उभ्या केलेल्या गाडीत बबन आणि त्यांची बावीस वर्षांची मुलगी धम्मप्रिया. ती व्यावसायिक गेमर आहे. दोघं गेमिंग लीगच्या ऑफिसातून परतली आहेत, पण अजून कुणी उतरलेलं नाही.)

बबन : पण मी तर 'बसणार' लिहिलं होतं. खेळणार नाही, असं कुठं लिहिलं?

धम्मप्रिया : त्याचं ट्रान्सलेशन काय झालं माहितेय? 'धम्मप्रिया विल सिट टुमॉरो.' आमच्याकडे सिट म्हणजे बेंचवर, पप्पा.

बबन : आमच्याकडे परीक्षेला बसतात गं. मी एमपीएससीला बसलो, तुझी आत्या बारावीला तीनदा बसली. तू सेमीफायनलला बसणार, म्हणून लिहिलं.

धम्मप्रिया : आपल्या असोसिएशनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. दोनशे लोक आहेत तिथे.

बबन : आपलीच माणसं. दर भीमजयंतीला विचारायची, पोरगी अजून गेमच खेळते का म्हणून. म्हटलं, कळू दे एकदा.

धम्मप्रिया : जयंतीमावशींची मुलगी गौरांगी मराठी मेसेज ट्रान्सलेशन ॲपमध्ये टाकून वाचते. कोण जिंकणार यावर ऑनलाइन शेअरसारखे भाव लागतात ना, त्यात ती असते. तिला वाटलं, हिचं मनगट दुखतंय म्हणतात ते खरं, ही खेळत नाही. तिने आमच्याविरुद्ध पैसे लावले, मग तिच्या फ्रेंड्सनी. तासाभरात आमचा भाव सत्तरवरून चाळीसवर आला. मग लीगने विचारलं, आतली बातमी कुणी फोडली?

बबन : अगं, पण त्यांनी घेतला तो अर्थच चुकीचा होता.

धम्मप्रिया : डझन्ट मॅटर. मी खेळणार की नाही हे घरीसुद्धा सांगायचं नाही, अशी सही केलीये मी. आणि मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही फोनवर विचारलंत, जेवलीस का, हात कसा आहे. मला राहवलं नाही.

बबन : आणि कोचने तुला खेळूच दिलं नाही.

धम्मप्रिया : चौकशी होती ना. बेंचवरून बघितली मॅच. हरलो आम्ही. आता सहा महिने बंदी.

बबन : मी उद्या परत जातो त्यांच्याकडे. लेखी देतो, चूक माझी म्हणून.

धम्मप्रिया : मी दिलंय लिहून. माझी चूक म्हणून.

बबन : तुझी कशी?

धम्मप्रिया : सही माझी होती.

बबन : एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला साधा मेमो नाही मिळाला. आणि माझ्या बढाईपायी तुझ्या नावाला डाग लागला. फार वाईट वाटतंय गं. काय करू, सुचत नाही.

धम्मप्रिया : तुम्ही खूश झाला होतात. मला आवाजावरून कळलं होतं. फोन ठेवल्यावर मीपण खूश होते.

बबन : सहा महिन्यांनी मग? टीम ठेवणार तुला?

धम्मप्रिया : नाही. पण एकांचा फोन आलाय.

बबन : दुसरी टीम? कुठली?

धम्मप्रिया : पप्पा.

बबन : बरं, नाव नको. मोठी आहे का, एवढंच.

धम्मप्रिया : तेही नाही सांगता येणार. सॉरी.

बबन : सॉरी नको म्हणूस. बरोबर करतेस. हाताला शेक घेत जा, जेवत जा वेळेवर. मी तेवढंच विचारत जाईन.

धम्मप्रिया : ओके.

बबन : आणि काही चांगलं झालं, तर मला मुळीच सांगू नकोस.