पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक

दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकू नये, असं माझं ठाम मत आहे. बर्मिंगहॅमच्या बसमध्ये पुढच्या सीटवरून मराठी ऐकू आलं, तेव्हा मी इयरफोन काढून ठेवले. गळ्यात हॉस्पिटलचा बिल्ला, हातात फोन, असे एक गृहस्थ आणि त्यांची बायको.

"अगं, मराठी मंडळाच्या लुटुपुटूच्या ऑनलाइन लीगमध्ये टीमसाठी खेळाडू निवडायचा माझा नंबर आला. पहिलाच खेळाडू क्वार्टरबॅक घेऊ? बॉल फेकणारा तोच, टीम त्याच्यावर चालते."

"राहायचं इंग्लंडात आणि फुटबॉल अमेरिकेचा! मागच्या वर्षी तोच घेतलात, शेवटचे आलात. शिक्षा म्हणून संक्रांतीला मंडळाचे दोनशे तिळाचे लाडू कोणी वळले?"

"तू."

"मग आधी पळणारे घ्या. फेकणारे शेवटपर्यंत उरतात."

"नकुल म्हणाला, लवकर घ्या."

"नकुल तुमच्याविरुद्धच खेळतोय ना?"

"हो गं. बरं, पळणारा घेतो. फक्त राहुकाळ संपू दे, सातच मिनिटं आहेत."

"निवडायला वेळ किती देतात?"

"नव्वद सेकंद."

"अहो!"

"...ॲपनेच निवडला."

"कोण?"

"क्वार्टरबॅक."

"उतरा. तीळ घेऊ."

"आत्ता, सप्टेंबरात?"

"या वेळी तुम्ही वळणार आहात. सराव लागेल."

ते उतरले. माझा स्टॉप तीन स्टॉप मागे राहिला होता.