बोळातला पत्रा

थोरली : बघितलंस तुझ्या काकूचं? बोळातल्या खिडकीला पत्रा ठोकला! भरदिवसा, हातोडा घेऊन. आजूबाजूचे माना बाहेर काढून बघत होते. थोरल्या जावेला एक शब्द विचारावा, तेवढंही नाही.

मुलगा : आई, थांब जरा. संध्याकाळचं भाषण वाचतोय.

थोरली : वाच, वाच. इथे एसी बंद पडलाय आणि तू तापमानवाढीवर वाच.

मुलगा : बंद पडला? कधी?

थोरली : पत्रा ठोकल्यावर घटकाभर घरघरला आणि गप्प झाला. मुद्दाम केलंय तिने. माझा गारवा तिच्या डोळ्यांत खुपतो.

मुलगा : अगं, आपल्या एसीच्या बाहेरच्या डब्यातून गरम हवा निघते. बोळ केवढासा! समोर पत्रा आला, की तीच हवा उलटी डब्यात शिरते. मशीन तापणार नाही तर काय?

थोरली : मग आधी ती हवा जात कुठे होती?

मुलगा : पलीकडे.

थोरली : पलीकडे म्हणजे? पलीकडे काय समुद्र आहे?

मुलगा : काकूची खिडकी आहे. आपल्याच घराची मागची खोली.

थोरली : तिच्या शिलाई मशीनची?

मुलगा : हो.

थोरली : आणि ती कधी बोलली नाही?

मुलगा : बोलली ना. मला बोलली. मी म्हटलं, बघतो.

थोरली : मला का नाही सांगितलंस?

मुलगा : तुझ्यापुढे तिचं नाव काढायची सोय आहे का? भांडण झाल्यापासून दोघी माझ्या तोंडून बोलताय. ‘तिला सांग’, ‘तिला विचार’. मी कॉलेजात शिकवतो की घरात टपाल वाटतो, तेच कळत नाही.

थोरली : विषय बदलू नकोस. आज भाषणात काय सांगणार आहेस?

मुलगा : पृथ्वी तापतेय, ती आपल्याच हातांनी. बिघडवणारे एक, भोगणारे दुसरे. ज्यांनी काहीच केलं नाही, त्यांनाच जास्त चटके.

थोरली : हे तू माझ्या खोलीत, एसीखाली बसून लिहिलंस?

मुलगा : हो, लिहिलं! आणि एसी का आहे तुझ्या खोलीत? मागच्या उन्हाळ्यात चक्कर येऊन न्हाणीघरात पडलीस. डॉक्टर म्हणाले, आता यांना उष्णता सोसायची नाही. मी काय करायचं होतं? पृथ्वीसाठी आईला उकडून काढायचं?

थोरली : तसं म्हणाले का मी?

मुलगा : आणि आपल्या एका एसीने जग नाही तापत. मोठे कारखाने, विमानं, श्रीमंत देश, त्यांनी आधी हात आवरले पाहिजेत.

थोरली : ते आवरतील तेव्हा आवरतील. तेही असंच म्हणत असतील, आधी शेजाऱ्याने आवरावं. सगळे दारात उभे, ‘आधी तू, आधी तू’. आत चुलीवर दूध उतू चाललंय.

मुलगा : अगं, हेच तर सांगणार आहे मी लोकांना!

थोरली : मग घरात सांगायला काय जीभ झिजते?

मुलगा : घरात सांगितलं होतं. डबा पुढच्या भिंतीवर लावू म्हणत होतो. रस्ता मोकळा आहे. तेव्हा कोण म्हणालं, ‘माझ्या नव्या रंगाच्या भिंतीवर ते ठिगळ नको, मागे लावा, मागे कोण बघतंय’?

थोरली : मागे कोण बघतंय, म्हणाले मी. मागे कोण राहतंय, ते तू सांगायचं होतंस. शिकलेला तू.

मुलगा : कमाल आहे तुझी!

थोरली : ती करतेय काय आता?

मुलगा : जिन्याखाली मशीन ओढून शिवतेय. पत्र्याने खोलीत काळोख झालाय. आणि आई, ती भावाकडे जायचं म्हणतेय. कायमची.

थोरली : कायमची? कोणाला विचारून?

मुलगा : कोणाला विचारणार? तू बोलतेस तिच्याशी?

थोरली : या घरात दोघी एकाच वर्षी आलो. केस पांढरे झाले, आता निघाली भावाकडे! डबा पुढे घे. आजच माणूस बोलाव.

मुलगा : हलवतो. पण हलवून काय साधणार? गरम हवा तेवढीच. तिच्याऐवजी रस्त्यावर जाईल.

थोरली : कळतं मला. रस्त्यावरूनही माणसंच चालतात. म्हणून एसी दुपारी ऊन डोक्यावर असेल तेवढाच लावायचा. आणि लावला, की दार लोटून एकटीने गार व्हायचं नाही. त्या खोलीत दोघी मावतो. तिचं मशीनही मावेल.

मुलगा : हे तिला कोण सांगणार? मी नाही हं. टपाल आजपासून बंद.

थोरली : नको सांगूस. माझी काठी दे.

(जिन्याखाली. शिलाई मशीन चालता चालता थांबतं.)

धाकटी : या, जाऊबाई. भांडायलाच आला असाल. पत्रा काढणार नाही मी, आधीच सांगते.

थोरली : काढ असं कोण म्हणालं?

धाकटी : सकाळचं ऊन देवाचं, दुपारचं देवाचं. पण संध्याकाळनंतरचं तुमचं! सूर्य मावळतो हो, तुमचा डबा मावळत नाही. शिवताना कपड्यावर घाम टपकतो. गिऱ्हाईक काय म्हणेल?

थोरली : मला सांगायचं होतंस.

धाकटी : तुम्हाला? भिंतीला सांगावं, ती निदान तोंड फिरवत नाही.

थोरली : बॅग भरतेयस म्हणे.

धाकटी : भरतेय.

थोरली : ठेव ती तशीच. मशीन माझ्या खोलीत घे. पोरगा उचलेल. भाषणं करून दंड नुसते पडून आहेत त्याचे.

धाकटी : तुमच्या खोलीत? मशीनची खडखड सोसेल तुम्हाला?

थोरली : ते माझं मी बघेन. माझी घरघर तू सोसलीस ना?

धाकटी : आणि पत्रा?

थोरली : डबा हलेपर्यंत राहू दे. येताना बोळातून बघून आले. ठोकलास ते बरोबरच केलंस. पण वाकडा ठोकलायस.