गच्चीवरचा बांबू

दुर्गाबाई : नाय बाय, आमचे गच्चीवर काय नाय पडला. कावलं बसतात तिथं, त्यांनाच इचार.

राजेश्वरी : आजी, तीन जिने चढून आलेय. सकाळपासून वर्गात उभी होते. खोटं बोलायचं तर बोला, पण आधी बस तरी म्हणा.

दुर्गाबाई : बस गो. आमचे नातीच्या, पायलच्या शालंतली बाय ना तू?

राजेश्वरी : हो. विज्ञान शिकवते. ड्रोनचा वर्गही माझ्याच गळ्यात. नववीच्या मुलांना काही नवं बघायला मिळावं म्हणून शाळेनं एकच ड्रोन घेतला. काल मैदानातून उडवला, तो इकडं बोनकोड्यात येऊन पडला.

दुर्गाबाई : पडला नाय. मी पाडला. कपडे वालत घालायच्या बांबूनी.

राजेश्वरी : का पण?

दुर्गाबाई : का म्हनजे? मोजनीवाला समजली मी! मागं असाच घरघर करत आल्ता. आठ दिसांनी पालिकेची मानसा आली, वरची खोली जास्तीची हाय म्हनली. पोराच्या लग्नात बांधलेली खोली, दुपारपर्यंत तोडून टाकली. आता परत डोक्यावर घिरट्या घालतोय, तर काय ओवालू त्याला?

राजेश्वरी : आम्ही पालकांना कळवलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर.

दुर्गाबाई : गावात कलवायचा तं देवलाच्या भोंग्यावर. पानी येनार नाय, भोंग्यावर. मयत झाली, भोंग्यावर. बकरी हरवली तरी भोंग्यावर. तुला कोनी सांगला नाय?

राजेश्वरी : नाही. बारा वर्षं झाली इथं शिकवतेय. मी कधी विचारलंही नाही. शाळा सुटली की रिक्षा धरायची आणि सानपाड्याला घरी. आमचं मूळ साताऱ्याकडचं, इथलं काय माहीत?

दुर्गाबाई : दमलीस गो. पानी पी. आनि घे तुझा पाखरू. मोठ्या टोपाखाली झाकून ठेवलाय. एक पंख मोडलाय त्याचा.

राजेश्वरी : पंख दुसरा बसेल. मी ड्रोनसाठी नाही आले, आजी. पायलसाठी आलेय.

दुर्गाबाई : तिनी काय केला?

राजेश्वरी : ड्रोन तीच उडवत होती.

दुर्गाबाई : आमची पायल?

राजेश्वरी : तिच्याइतका स्थिर हात वर्गात कुणाचा नाही. पुढच्या महिन्यात पनवेलला स्पर्धा आहे, शाळेकडून तीच जाणार होती. हेडसरांनी तिचं नाव कापलं.

दुर्गाबाई : का कापला? तिचा काय गुना?

राजेश्वरी : सरांना म्हणाली, माझं लक्ष नव्हतं, माझ्या हातून गेला. सगळ्या वर्गासमोर बोलणी खाल्ली.

दुर्गाबाई : तिला दिसला नसल कोनी पाडला तो.

राजेश्वरी : हे बघा. उडवताना तिच्या पुढ्यात हेच दिसत होतं. माझ्या मोबाइलमध्ये राहिलंय.

(दुर्गाबाई मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ बघतात.)

दुर्गाबाई : मी हाय ही.

राजेश्वरी : हो.

दुर्गाबाई : पदर खोचलाय. कवरी चिडलीय मी.

राजेश्वरी : सरांना अजून दाखवलं नाही. दाखवलं तर पायल सुटेल, पण ते तुमच्यावर तक्रार करतील. नाही दाखवलं तर पोरीची स्पर्धा गेलीच समजा. मला काही सुचत नाही, आजी. खरंच थकलेय मी.

दुर्गाबाई : काल रातची माझ्याच बाजूला बसून जेवली. सुकट वाढली मना. एक शब्द नाय बोलली.

राजेश्वरी : नाहीच बोलणार ती.

दुर्गाबाई : सोमवारी शाला कवा उघडते?

राजेश्वरी : सातला. पण तुम्ही कशाला...

दुर्गाबाई : त्यो मोबाइल नको दाखवू कोनाला. मी येऊन सांगन. काय तक्रार करायची ती करूं दे. आनि परत उडवायचा तवा आदी मना सांग, भोंग्यावर मी बोलन.

राजेश्वरी : पायलला काय सांगू?

दुर्गाबाई : काय नको. तिनी सांगला मना?