चारचौघांतला पंप

माझी बायको शालन वारल्यापासून एचआयव्हीच्या गोळ्या आणायला मी एकटाच जातो. आज दवाखान्यात शेजारच्या बाकावर नवरा-बायको बसले होते. नवऱ्याला धाप लागली होती, बायको त्याला दटावत होती.

"सकाळी श्वासाचा पंप मारला का?"

"मारला की."

"कवा? मला तर दिसला न्हाई."

"बनू, हळू बोल."

"पारावर बरा मारता, समद्यांनी बघावा म्हनून."

"मंग? दमा हाय म्हनलं की या गोळ्यांचं कुनी इचारत न्हाई."

"आन घरात?"

"घरात कुनाला दाखवायचा? तुला समदं ठावं हाय."

"दाखवायला दिलाय व्हय? फुप्फुसं झिजल्यात म्हनले डॉक्टर. रोज दोनदा मारायचा, न्हाईतर श्वास पुरायचा न्हाई. पाठीवर हात ठेवून निजते मी, पाठ हालती का बघाया."

"निवांत झोपावं की."

"आता मारा. माझ्यापुढं."

त्यानं पंप ओढून श्वास धरला. तिनं बोटांवर दहा मोजले, मगच सोडू दिला. मला नजर हटवता येईना.

"काका, तुमच्यासंगं कोन आलंय?" तिनं विचारलं.

"घरी हाय," मी म्हणालो. "माझीबी लई भांडती."