पाणकणसाची गादी

(दौंडच्या रेल्वे कॉलनीमागं, नदीकाठची दलदल. चैत्रातली दुपार. गँगमनच्या नोकरीतून रिटायर झालेला मच्छिंद्र गुडघाभर पाण्यात. बांधावर त्याची मुलगी मोनाली. आठवा महिना लागलेला, लग्नानंतर चार वर्षांनी पहिल्यांदाच माहेरी आलेली.)

मोनाली : ...तर आई म्हणाली, रोज दुपारी पोतं घेऊन इकडंच येता. म्हणून आले चालत.

मच्छिंद्र : तिथंच थांब. फुडं जमीन खचती. एवढ्या उन्हात यायचं काय नडलं व्हतं?

मोनाली : काल सकाळपासून घरात आहे मी, आप्पा. एक शब्द बोलला नाहीत. म्हटलं, इथं तरी बोलाल. काय तोडताय?

मच्छिंद्र : पाणकणीस.

मोनाली : हे होय! लहानपणी आम्ही याला कुल्फी म्हणायचो.

मच्छिंद्र : कुल्फी! हे बघ, वाळल्यालं असलं की अंगठ्यानं नुसतं दाबायचं.

मोनाली : अगं बाई! केवढा कापूस! थांबा, नाकात जातोय.

मच्छिंद्र : एका कणसातनं घमेलंभर निघतो. कापूस न्हाई त्यो, बी हाय. एकेका बीला केसाची छत्री. एका कणसात दोन-दोन लाख.

मोनाली : मोजलं कुणी?

मच्छिंद्र : कालेजातला एक सर पोरं घेऊन यायचा. त्याला म्या म्हनलं, कायबी सांगू नका. त्यानं बोटभर तुकडा हातात दिला, म्हनला मोजा. तीनशेपतुर मोजलं, आन् शिंक आली.

मोनाली : आप्पा, नका ना, हसून पोट दुखतंय.

मच्छिंद्र : मग बस खाली, त्या दगडावर. लेकरू घाबरंल.

मोनाली : असं रोज तोडलंत तर संपून जाईल हे.

मच्छिंद्र : ह्याला कोन संपिवतो? वरनं शंभर दिसत्यात, चिखलात खाली गड्डा एकच. आन् ते हिरवं बघ, नवं हाय. वरचा बारीक त्यो नर, खालची जाड ती मादी. एकाच दांड्यावर. नराची पिवळी भुकटी उडती. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या आईनं ती पिठात मिसळून भाकरी केल्ती. गोडसर लागती.

मोनाली : आणि मग नराचं काय होतं?

मच्छिंद्र : झडतो. वर नुसती काडी ऱ्हाती. मादी एकलीच बी सांभाळीत बसती.

मोनाली : म्हणजे बाप निघून जातो.

मच्छिंद्र : झाडाचं सांगतोय म्या.

मोनाली : मी नाही झाडाचं बोलत. माझ्या लग्नानंतर सतीश दोनदा तुमच्या दारात आला. तुम्ही दार उघडलं नाहीत. एवढं काय वाईट होतं त्याच्यात?

मच्छिंद्र : कायबी न्हाई. कोरेगावला कंपनीत जाऊन इच्यारून आलो म्या. शिफ्ट चुकवत न्हाई, पीत न्हाई, समदं कळलं.

मोनाली : तुम्ही कोरेगावला आला होता? मग घरी का नाही आलात?

मच्छिंद्र : पोरी, तीस वर्सं रुळावर चाललो. रूळ कुठं तडकलाय, हातोडीच्या आवाजावरनं सांगायचो. आन् माझ्या पोरीचं लगीन झालं ते मला पॉइंटमननं सांगितलं. ड्युटीवर. ‘मच्छिंद्र, पेढे कवा?’ म्हनला. चार मानसं बघत व्हती. मला तोंड कुठं ठेवावं कळंना.

मोनाली : भीती वाटली मला. तुम्ही नाही म्हणाल, म्हणून.

मच्छिंद्र : म्हनलोच असतो. दोन दिस म्हनलो असतो. तिसऱ्या दिशी इच्यारलं असतं, पोरगा तिखट खातो का?

मोनाली : चुकलं माझं, आप्पा. लग्न केलं ते नाही. तुम्हाला सांगितलं नाही, ते.

मच्छिंद्र : माझंबी चुकलं. त्यो उन्हात हुबा, आन् म्या आतनं कडी लावून पेपर वाचीत बसलो. एक अक्षर वाचलं न्हाई.

मोनाली : डोळे पुसा. हाताला चिखल आहे तुमच्या, बाहीनं पुसा.

मच्छिंद्र : ते बी उडून गेलंय डोळ्यात.

मोनाली : बरं. पण एवढा कापूस कशाला?

मच्छिंद्र : बारकी गादी करायची, बाळाला. लई हलकी हुती. फकस्त कापड दुहेरी घ्यावं लागतं, न्हाईतर केसं टोचत्यात.

मोनाली : मी येणार हे तर आईनं तुम्हाला परवा सांगितलं. एवढं कधी जमवलंत?

मच्छिंद्र : संक्रांतीपासनं. तुझी आई मोबाईल घेऊन मोरीत जाऊन बोलायची. मोरीला दार कुठं हाय आपल्या?

मोनाली : तीन महिने! आणि मला एक फोन नाही!

मच्छिंद्र : काय बोलायचं ते सुचंना. हे तोडायला बोलावं लागत न्हाई.

मोनाली : सतीश रविवारी माझी औषधं घेऊन येतोय. एसटी स्टँडवर देऊन तिथूनच परत जातो, म्हणालाय.

मच्छिंद्र : स्टँडवरनं? घर काय पडलंय का? सकाळच्या गाडीनं ये म्हनावं. अजून दोन पोती लागतील, माझ्या एकट्याच्यानं व्हायचं न्हाई.

मोनाली : सांगते.

मच्छिंद्र : आन् जुनी पँट घेऊन ये म्हनावं. चिखल लई हाय.