चोवीस नंबरच्या चुलीत सोडलेलं पाणी

दिनांक २७/१०/२००३

मी मिना हरिचंद खिल्लारे, वय ३६ वर्षे, धंदा – एका संस्थेत पुनर्वसन कार्यकर्ती, राहणार आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. आज ठाण्यात समक्ष येऊन, जमादार साहेबांनी विचारलं ते आणि विचारायचं राहिलं तेही, माझ्या मर्जीनं सांगते ते असे की,

तलावात ज्यांची घरं गेली त्यांना वारंगा फाट्याच्या अलीकडे नवीन गावठाणात बसवलं आहे. तिथं आमच्या संस्थेचं काम चालतं. काम म्हणजे नेमकं काय, असं साहेबांनी विचारलं. म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेणं, पोरांची नावं शाळेत घालणं, रेशनकार्डावरचा पत्ता बदलून आणणं आणि नळावरची भांडणं सोडवणं. यातलं शेवटचं काम सगळ्यात जास्त.

सदर गावठाणात दोन ठिकाणची माणसं आहेत, बोरखोरी तांडा आणि सावळी वाडी. कुणाची बाजू घेतली असं होऊ नये म्हणून घरं चिठ्ठ्या टाकून दिली. त्यामुळं तांड्याचं घर आणि वाडीचं घर भिंतीला भिंत लागून आलं. आधी ही दोन्ही गावं एकाच ओढ्याच्या दोन अंगांना होती, एकमेकांच्या लग्नात जेवायला जायची. पण शेजार कधी केला नव्हता. लग्नात जेवणं सोपं आहे, शेजार करणं अवघड आहे.

पद्माबाई नरसिंग राठोड, वय अंदाजे पासष्ट, ही तांड्यातली विधवा बाई. तिला भावसिंग नावाचा एकच मुलगा होता. मायलेकाला चिठ्ठीत चोवीस नंबर आला. मागच्या वर्षी उन्हाळ्यात त्या घराचा पाया खोदताना भावसिंगला खड्ड्यात साप चावला. फाट्यावरून जीप येईपर्यंत तो खड्ड्याच्या काठावरच संपला. पद्माबाई त्या दिवशी जुन्या तांड्यात होती, दाराची चौकट काढून आणायला. ती आली तेव्हा लेकराच्या तोंडावर पांघरूण होतं.

पुढं ती मला म्हणाली, "बाई, त्या जागंत मला नीज यायची न्हाई." मी नंबर बदलून मिळावा म्हणून खटपट केली. दुसरं कुणी ते घर घ्यायला तयार होईना. तेव्हा नऊ नंबरचे दिपक मारोती मगर, वाडीचे, आपणहून हो म्हणाले. पद्माबाई नऊ नंबरात गेली, तांड्याचा मुख्य असतो त्या नायकाच्या शेजारी. दिपक चोवीसमध्ये आले. त्यांनी तेव्हा मोठं मन दाखवलं. आज ते अर्जदार आहेत आणि मी त्यांच्या अर्जाविरुद्ध बोलून राहिले, तरी हे वाक्य जबाबात राहू द्यावं.

दिपकची बायको दिपा तेव्हा बाळंतपणाला माहेरी, हट्ट्याला होती. ती घर बांधून झाल्यावर लेकरू घेऊन आली. या जागेत माणूस गेलंय हे तिला दिपकनं सांगितलं नाही. वाडीतल्या बायकांना हात जोडून त्यांनी गप्प बसवलं होतं. ओली बाळंतीण भिईल, असं त्यांना वाटलं असावं. तांड्यातल्या बायका आणि वाडीतल्या बायका नळावर भांडण्यापुरत्याच बोलतात, म्हणून तिकडूनही तिला कळलं नाही.

काल दिवाळीचा पाडवा होता. तांड्यात या दिवशी धबुकार करतात. म्हणजे चुलीतल्या निखाऱ्यावर तूप आणि गोडाचा घास टाकायचा, घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायची आणि ओंजळीनं पाणी सोडायचं. मी बौद्ध आहे, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण गेलेलं माणूस जेवत नसतं हे मी कुणाच्या चुलीपाशी जाऊन सांगत नाही. गेल्या दिवाळीला चोवीस नंबरवर छप्परही नव्हतं, चूल तर दूरच. म्हणून पद्माबाईनं तेव्हा आपल्या चुलीत घास टाकला. तो भावसिंगला पोचला नाही, असं तिनं मनाशी धरलं. वर्षभर ती मला तेच म्हणायची, "त्यो तितंच बसून राहिला आसल, बाई. नऊ नंबर त्याला काय ठाव?"

काल सकाळी मी नायकाच्या घरी फराळाला गेले होते. तिथं चोवीस नंबरकडून आरडाओरडा ऐकू आला. मी धावत गेले. पद्माबाई पायरीखाली पडलेली होती, डावं मनगट उजव्या हातात धरून. पितळेची वाटी गटारीपाशी गेलेली. दिपक दारात उभे होते. दिपा लेकराला छातीशी घट्ट धरून रडत होती आणि म्हणत होती, "माज्या चुलीवर पानी वतलं वं हिनं! सणासुदीची पेटती चूल इजवली! लेकराला दोन दिसांपासून ताप हाय, आता काय करू?" भोवती वाडीतली माणसं जमली होती आणि करणी, भानामती असले शब्द चालले होते. पद्माबाईला आत कुणी जाताना पाहिलं, असं मी म्हणत नाही. मी पाहिलेलं नाही. पण ती गेली होती आणि ती हे नाकारत नाही. दिपा नळावर होती, दार उघडं होतं, चूल पेटलेली होती. तांड्यात विस्तव न्यायला किंवा घास टाकायला चुलीपाशी जाताना कुणी कुणाला विचारत नाही. चोवीस नंबर आता तांड्याच्या माणसाचं घर नाही, एवढंच तिच्या ध्यानात आलं नाही.

मी दिपकला विचारलं, "बाईला पाडलं कुणी?" ते म्हणाले, "म्या दंड धरून भाईर काढलं. पायरीवर तोल गेला तिचा." मी म्हटलं, "आणि ती काहून आली होती, ते तुम्हाला ठाऊक न्हाई?" मला इतका संताप आला की काय सांगू. कारण भावसिंग आणि दिपक सावडीनं खोदत होते, आज याचा पाया तर उद्या त्याचा. भावसिंगला खड्ड्यातून वर काढलं ते याच माणसानं. त्या घरात कुणासाठी घास टाकला हे अख्ख्या गावठाणात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि बायको करणी म्हणून ओरडत असताना हा माणूस गप्प उभा राहिला, दुपारी तसाच अर्जही देऊन आला.

अर्जात म्हटलं आहे की सदर बाईला गावठाणातून दुसरीकडे हलवावं. खाली वाडीतल्या माणसांच्या सह्या आहेत. माझं म्हणणं असं की, ही बाई एकदा तांड्यातून उठली, एकदा चोवीस नंबरातून उठली. आता तिसऱ्यांदा तिला उठवून कुठं बसवायचं, ते सह्या करणारांनी सांगावं. बाजारात भाजीवाल्यालासुद्धा कुणी इतक्या वेळा उठवत नाही. साहेब म्हणाले, हे लिहायची गरज नाही. मी म्हटलं, लिहा.

काल दुपारी पद्माबाईच्या हाताला प्लास्टर घालून आणल्यावर मी चोवीस नंबरला गेले. दिपक ठाण्यात आले होते. दिपाला समोर बसवून मी सगळं सांगितलं, सापाचं, खड्ड्याचं, नंबर बदलल्याचं. मला वाटलं, आता ही घर सोडून माहेरी निघते. तिनं विचारलं, "काय वय व्हतं त्याचं?" मी म्हटलं, चोवीस-पंचवीस. ती म्हणाली, "अन मला वाटलं, माजं लेकरू खायला आली ती." मग मलाच रडू आलं. लेकराला दवाखान्यात दाखवलं आहे. त्याला दात येऊन राहिले, म्हणून ताप होता. आज ताप नाही.

आज सकाळी ठाण्याच्या व्हरांड्यात पद्माबाई बाकावर बसली होती, मी शेजारी. दिपा लेकराला घेऊन आली आणि आमच्या शेजारी टेकली. दिपक लांब, पायरीपाशी उभे होते. दिपा त्यांना म्हणाली, "बोला की आता. घरात न्हाई बोललात, हितं तरी बोला." पुढचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. दिपक पद्माबाईसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "मावशे, त्यानं पानी मागितलं व्हतं. तांब्या माज्या हातात व्हता. साप चावल्याला पानी पाजू नये म्हनत्यात, म्हनून म्या दिलं न्हाई. त्यो मागत राहिला. काल चुलीत पानी दिसलं अन माजं डोस्कंच फिरलं. मला वाटलं, तुला समदं कळलं, अन तू मला दाखवायला आलीस."

आपल्या लेकाचं शेवटचं बोलणं पद्माबाईला दीड वर्षानंतर पहिल्यांदा कळत होतं. मला वाटलं, ही आता त्याच्या अंगावर धावेल, आणि धावली असती तर मी अडवलं नसतं. तिनं प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला आणि म्हणाली, "काल म्या सोडलं की पानी. पेला आसल त्यो." मग दिपकलाच म्हणाली, "बेटा, लेकरू उनात हाय. सावलीला घे."

पद्माबाईला मनगटाबद्दल कुणाविरुद्ध तक्रार द्यायची नाही, असं ती सांगते. मी तिला दोनदा विचारलं, कारण मला स्वतःला द्यावी वाटत होती. अर्जाचं काय करायचं ते दिपक मगर यांनी सांगावं. ते माझ्यामागे जबाबासाठी बसलेले आहेत.

माझा जबाब मला वाचून दाखवला, तो मी बोलले तसाच उतरला आहे. पद्माबाईला तो मी तिच्या बोलीत समजावला. तिचं विचारणं एवढंच होतं, पुढल्या पाडव्याला चोवीस नंबरचं दार उघडं राहील का. दिपा म्हणाली, "चूल पेटवूनच ठिवते, मावशे. तांब्या भरून." हेही लिहून घ्यावं असं मी सांगितल्यावरून लिहून घेतलं आहे. खाली माझी सही.

मिना हरिचंद खिल्लारे